बघायला शिकवणारा हात

सकाळचा पहिला चहा घेता घेता एक गंमत करून पाहा. डोळे मिटा आणि शिवाजी महाराज आठवा. लगेच दिसतील. टोकदार दाढी, धारदार नाक, जिरेटोप, कमरेला तलवार, मागे सह्याद्रीची रांग आणि घोड्याचा पुढचा एक पाय उचललेला. आता स्वतःला विचारा, महाराजांना तर आपण पाहिलेलं नाही, मग हे इतकं स्वच्छ चित्र डोक्यात आलं कुठून?

थोडं चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून आलं. थोडं शाळेच्या भिंतीवरून, थोडं घरातल्या कॅलेंडरवरून, थोडं भालजी पेंढारकरांच्या सिनेमातून. पण आज जे पन्नाशी-साठीत आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत यात एका बत्तीस पानी रंगीत पुस्तकाचाही वाटा आहे. 'अमर चित्र कथा' मालिकेतलं, 1971 सालचं 'शिवाजी'. कथा भा. रा. भागवतांची, चित्रं प्रताप मुळीकांची.

भागवत म्हटलं की फास्टर फेणे आठवतो आणि वाचणाऱ्याचा चेहरा खुलतो. मुळीक म्हटलं की मात्र बहुतेक जण मान हलवतात. नाव ऐकल्यासारखं वाटतं, म्हणतात. मग ते पुस्तक त्यांच्यापुढे ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बोट थांबतं आणि माणूस एकदम दहा वर्षांचा होतो, "अरे, हे तर आमच्याकडं होतं!" चित्र लक्षात राहिलं, चित्रकार राहिला नाही. आजच्या सकाळी याच माणसाबद्दल थोडं बोलू.

गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. आपल्याकडे इंग्रजी धाटणीची चित्रकथा आली ती परदेशी पाहुणी म्हणून. 1964 साली 'टाइम्स ऑफ इंडिया'ने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं आणि अमेरिकेत 1936 साली जन्मलेला फँटम मराठी पोरांच्या ओसरीवर वेताळ होऊन बसला. त्याच संस्थेत काम केलेल्या अनंत पै यांच्या मनात मग आलं, की आपल्या गोष्टींनी काय घोडं मारलंय? 1967 साली इंडिया बुक हाउसच्या पाठबळावर त्यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. गंमत म्हणजे पहिले दहा अंक परदेशी गोष्टींचेच होते. अकराव्या अंकात 'कृष्ण' आला. तो राम वाईरकरांनी काढला, आणि तिथून आपल्या मातीतली चित्रकथा चालायला लागली. हेच वाईरकर पुढे 'टिंकल'मध्ये सुप्पंडी रंगवणार होते. त्याच सुरुवातीच्या काळात पुण्याच्या प्रताप मुळीकांचा हात या मालिकेला लागला. त्यांनी 'राम' काढला, 'शिवाजी' काढला, आणखी कितीतरी काढले. त्यांच्या पाठोपाठ दिलीप कदमांसारखे चित्रकार आले. ज्या काळात आपल्याकडे हा धंदा म्हणून कुणाला ठाऊक नव्हता, त्या काळात या लोकांनी त्याची वाट पाडली. पुढे 1986 साली राज कॉमिक्सचा हिरव्या अंगाचा 'नागराज' आला, तोही आधी मुळीकांच्याच कुंचल्यातून उतरला. बापानं मुळीकांचा 'राम' वाचला आणि पोरानं मुळीकांचाच 'नागराज' वाचला, अशी घरं या महाराष्ट्रात आहेत. दोघांनाही आपण एकाच माणसाच्या हातचं बघतोय हे ठाऊक नव्हतं, एवढंच.

मराठवाड्यातल्या आपल्या ढोकीसारख्या गावात ही पुस्तकं दुकानात मांडलेली नसत. गावात तेरणा साखर कारखाना होता, रेल्वे स्टेशन होतं, एसटीचा थांबा होता. चित्रकथांचं दुकान कुठून असणार? ती पिशवीतून येत. उन्हाळ्याच्या सुट्टीला पुण्या-मुंबईहून आलेल्या एखाद्या मामाच्या पिशवीतून, लातूर-सोलापूरच्या स्टँडवरच्या स्टॉलवरून, नाहीतर कारखान्यात बदलून आलेल्या एखाद्या साहेबांच्या पोराकडून. एक पुस्तक आलं की आळीभर फिरायचं. बाजरीच्या पोत्यावर पालथं पडून वाचलं जायचं, दप्तरात लपून वर्गात जायचं, मास्तरांच्या हाती लागलं की तेही जेवणाच्या सुट्टीत वाचायचे. फिरता फिरता आधी कव्हर जायचं, मग आतलं पहिलं पान. आणि कथा कुणाची, चित्रं कुणाची हे छापलेलं असायचं नेमकं त्या सुरुवातीच्याच पानावर. नाव फाटून गेलं, घोडा मात्र शेवटपर्यंत दौडत राहिला.

कलाकाराचं नाव पुसलं जाणं हे आपल्या भागाला नवीन नाही. ढोकीहून जवळच तेर. गोरोबाकाकांचं तेर, आणि त्याही आधीचं, सातवाहनांच्या काळात दूरदेशी व्यापार करणारं तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातल्या पांढरीच्या मातीतून सापडलेल्या वस्तू वेचल्या, जपल्या, त्यातून तेरचं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. तिथल्या पांढुरक्या मातीच्या बाहुल्या एकदा नीट बघा. दोन भागांच्या साच्यात घडवलेल्या त्या बाया. केशरचना, कानातले, गालांची ठेवण, ओठांवरचं किंचित हसू. दोन हजार वर्षांपूर्वीची तेरची बाई कशी दिसत असेल, हे आज आपल्याला त्या कारागिरानं सांगितलं म्हणून कळतं. त्याचं नाव कुणालाही सांगता येणार नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. मुळीकांचं नाव तर छापलेलं होतं. ते आपण वाचलं नाही. फरक इतकाच, आणि तो आपल्या अंगावर येणारा आहे.

चित्रांनी गोष्ट सांगायची रीतही आपल्याकडे मुळीकांच्या आधी फार जुनी. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची गोष्ट भिंतीवर प्रसंगाला प्रसंग जोडत पुढे सरकते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत आजही चित्रांची पोथी मांडून, एकेक चित्र पुढे करत रामायण-महाभारत गातात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांना चित्रकथी नावाची गोष्ट पहिल्यांदा कळली. याच धाटणीच्या चित्रांना पैठणचं नाव मिळालं, म्हणजे हा वारसा आपल्या मराठवाड्याच्याही घरातला आहे. तेव्हा मुळीक-वाईरकरांनी काही आकाशातून नवं आणलं असं नव्हे. पण चित्रकथीची पोथी बघायला तो कलावंत गावात यावा लागे, रात्र जागवावी लागे. या मंडळींनी ती पोथी छापखान्यात नेली आणि काही रुपयांत पोराच्या हातात दिली. आता गोष्ट सांगणारा समोर नव्हता. त्याचा आवाज, त्याचे हातवारे, त्याचं थांबणं, हे सगळं चित्रकारालाच कागदावर आणावं लागणार होतं.

हे काम किती अवघड आहे याचा अंदाज येण्यासाठी एकच प्रसंग घ्या. प्रतापगडाच्या पायथ्याची भेट. लेखक एका वाक्यात सांगून मोकळा होतो, की खानानं मिठी मारली, दगा केला, महाराजांनी त्याचा कोथळा काढला. चित्रकाराला तेवढ्यावर सुटता येत नाही. त्याला ठरवावं लागतं, की शामियान्यात उजेड कुठून येतोय. खानाचा धिप्पाडपणा कसा दाखवायचा, महाराजांना लहान काढून की खानाला चौकटीच्या बाहेर जाईल एवढा मोठा काढून? हात उगारलेला दाखवायचा की खाली आलेला? जाणता चित्रकार एका चौकटीत हात उगारतो आणि दुसऱ्या चौकटीत समोरच्याचे विस्फारलेले डोळे काढतो. वार होतो तो दोन चौकटींच्या मधल्या बोटभर पांढऱ्या पट्टीत, म्हणजे वाचणाऱ्या पोराच्या डोक्यात. चित्रकारानं तो काढलेलाच नसतो आणि तरी पोराला तो जन्मभर दिसतो. हे कसब गोष्ट लिहिण्यातलं नाही आणि नुसतं चित्र काढण्यातलंही नाही. काय दाखवायचं आणि काय वाचणाऱ्यावर सोपवायचं, ही त्यातली खरी अक्कल.

म्हणूनच अशा चित्रकाराचा प्रभाव मोजायला आपली नेहमीची मापं अपुरी पडतात. त्याची चित्रं प्रदर्शनात टांगली जात नाहीत, लिलावात जात नाहीत. ती मनात जातात आणि तिथं इतकी मुरतात, की आपल्याला वाटतं हे आपलंच. घरात आईनं विरजण लावावं आणि सकाळी दह्याचं श्रेय दुधाला मिळावं, तसं हे आहे.

पण आदर करायचा म्हणजे डोळे झाकून आरती ओवाळायची, असं नव्हे. मनात इतक्या खोल जाणाऱ्या चित्राची जबाबदारीही तेवढीच मोठी. या पुस्तकांत नायक बहुधा गोरेपान आणि राक्षस काळेकुट्ट असत, ही टीका अभ्यासकांनी केलेली आहे आणि ती खोटी नाही. बायका बहुधा एकाच साच्यातल्या, सिनेमातल्या नटीसारख्या. उन्हात रापलेली, ऊसतोडीला जाणारी माणसं जिथं आजूबाजूला आहेत, अशा गावातल्या पोरानं ती पानं उलटताना नकळत काय शिकलं असेल? आपल्या रंगाची माणसं गोष्टीत कुठं बसतात, हेही त्यानं चित्रातूनच वाचलं असणार. 1979 साली याच मालिकेत 'बाबासाहेब आंबेडकर' आलं. त्याची चित्रं दिलीप कदमांची. पुढे 'चोखामेळा'वरही अंक निघाला. शाळेत बाहेर बसवलेलं, पाण्याला शिवू न दिलेलं एक पोर चौकटीच्या मधोमध नायक म्हणून उभं राहिलं, हे त्या रंगीत जगासाठी लहान पाऊल नव्हतं. किती घरांतल्या भिंतींवर ती पानं चिकटवली गेली असतील, विचार करा. चित्रकथेत सामर्थ्य आहे म्हटलं, की ते दोन्ही बाजूंनी चालतं हेही मान्य करायला हवं.

इतिहासातही हे आहेच. शिवाजी महाराजांचं म्हणून एके काळी भलत्याच सरदाराचं चित्र छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी चिकाटीनं महाराजांचं खरं चित्र शोधून पुढं आणलं, तेव्हा कुठं लोकांच्या डोळ्यांतला चेहरा बदलला. एकदा डोळ्यांत बसलेलं चित्र हलवायला एका संशोधकाला एवढे कष्ट पडतात. मग ते पहिल्यांदा बसवणाऱ्या हातानं किती जपून काम करायला हवं!

मुळीकांचा हात किती जपून चालत होता, हे कळायची एक जागा आहे, आणि ती चित्रकथेच्या बाहेर आहे. त्यांचं 'स्केचिंग' नावाचं पुस्तक ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलं. चित्रकला शिकणाऱ्या मुलांच्या हातात ते वर्षानुवर्षं दिसतं. देव, राजे आणि नागराज काढून नाव कमावलेल्या माणसानं शिकणाऱ्यांसाठी पुस्तक केलं ते कशाचं? समोर दिसेल ते झरझर रेखाटण्याचं. माणूस बसतो तेव्हा त्याचं वजन कुठं पडतं, चालताना कुठला खांदा खाली जातो, कपड्याला चुणी कुठं पडते, हे समोर बघून पकडायचं आणि मगच रेघ ओढायची.

त्यांच्या चित्रकथांकडे हे मनात ठेवून पुन्हा वळा, म्हणजे गुपित उलगडतं. मुळीकांचा घोडा दौडतो, कारण घोड्याच्या खांद्याखालचा स्नायू कसा ताणला जातो हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा दरबारातला म्हातारा मुत्सद्दी खरा वाटतो, कारण तसा म्हातारा त्यांनी कुठल्यातरी पारावर बसलेला बघितला असणार. पुराणातला देव काढायचा असला तरी त्याच्या बसण्या-उठण्याला माणूसच लागतो, आणि माणूस बघायचा तर बाजारात, स्टँडवर, देवळाच्या पायरीवर जाऊन उभं राहावं लागतं. डोक्यातून चित्र काढणारे खूप असतात. डोळ्यांतून डोक्यात आणि डोक्यातून हातात, एवढा लांबचा रस्ता चालणारे थोडे.

त्यांचे चिरंजीव मिलिंद मुळीक आज जलरंगात नावाजलेले चित्रकार आहेत. पावसात भिजलेला रस्ता, जुन्या वाड्याचं दार, बाजारातली सावली, असं साधंच ते रंगवतात आणि त्यांची पुस्तकं बघून देशभर मुलं शिकतात. वडिलांनी राजे काढले, मुलानं रस्ते. दोन्हीच्या मुळाशी बघण्याची तीच सवय आहे. प्रभाव म्हणतात तो हाच. बापासारखं चित्र काढायचं नाही, बापासारखं बघायचं.

आपल्या शाळांतून दरवर्षी मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्र नावाचा एक भाग असतो. विषय येतो बसस्थानकाचा, आठवडी बाजाराचा, शेतातल्या कामाचा. पोरांनी आठवून काढायचं. आणि बहुतेक कागदांवर काय दिसतं? तोच ठरावीक डोंगर, त्यामागचा अर्धा सूर्य, तेच नारळाचं झाड. ढोकीत नारळाचं झाड कशाला येतंय? पण ते काढायला सोपं, म्हणून येतं. या मुलांनी बसस्थानक पाहिलेलं नाही असं नाही, रोज पाहिलंय. बघितलेलं मात्र नाही. लातूरची गाडी लागली की टोपलं सावरत धावणारी म्हातारी कशी वाकते, कंडक्टर दारात कुठल्या पायावर उभा राहतो, हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाडीला चढ लागला की बैलाची मान जुवाखाली कशी पुढं येते आणि गुडघे कसे किंचित मोडतात. हे ज्या पोराच्या ध्यानात राहील, त्याला चित्रकलेच्या परीक्षेत तर चांगले गुण मिळतीलच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या म्हातारीला आणि त्या बैलाला काय सोसावं लागतं, हेही त्याला कळेल. नीट बघणारा माणूस सहसा निर्दय होत नाही.

आता मुलांच्या हातात फोन आहे आणि त्यात चित्रंच चित्रं आहेत. तक्रार करायची तर खूप जागा आहे, पण ती नको. दिवसात हजार चित्रं डोळ्यांपुढून सरकतात तेव्हा एकही आत उतरत नाही, एवढं मात्र खरं. मुळीकांच्या काळातलं पोर एकच पुस्तक वीस वेळा वाचायचं, कारण दुसरं नव्हतं. विसाव्या वाचनात त्याला गोष्ट पाठ असायची, म्हणून ते चित्र बघायला लागायचं. मागच्या तटबंदीतली चीर, कोपऱ्यातला मावळा, त्याच्या हातातली भाकर. गरिबीनं दिलेली ही एक सवय होती. आता ती ठरवून लावून घ्यावी लागेल.

त्यासाठी फार खटाटोप नको. शाळेचा परिपाठ रोज होतो. दिनविशेष सांगतात, सुविचार सांगतात, बोधकथा सांगतात. आठवड्यातून एक दिवस एका चित्राचं पुस्तक वर धरून दाखवावं आणि लेखकाबरोबर चित्रकाराचं नावही मोठ्यानं वाचावं. राम वाईरकर. प्रताप मुळीक. दिलीप कदम. पोरांना कळेल की चित्रं आपोआप उगवत नाहीत, ती कुणाच्यातरी बोटांतून येतात, आणि ती बोटं पुण्यातल्यासारखी ढोकीतही असू शकतात.

आणि मग चित्रकलेच्या तासाला पुस्तक मिटवून मुलांना दाराबाहेर न्यावं. प्रताप मुळीकांचा घोडा बघून तसाच्या तसा काढणारी मुलं पन्नास वर्षांत पुष्कळ झाली. दारातला आपला बैल नीट बघून काढणारं एक जरी पोर यंदा निघालं, तर त्या चित्रकाराची देणी फेडायला आपण सुरुवात केली असं म्हणता येईल.